मैदानाच्या मातीची वाटणी

…तर ते ‘पूर्ण शुद्धीत’वालं वाक्य आधी लिहून टाकते, नाहीतर मंजुषा वकील मॅडम परत कागद बदलायला लावतील.

मी, अपूर्वा मनोज गांगुर्डे, वय वर्षे वीस, धंदा शिक्षण, राहणार घरकुल वसाहत, बिल्डिंग नंबर चार, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. लिहावं म्हणून माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लिहू नये म्हणून मात्र आहे. शुक्रवारी माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नको, आमचं हे रोजचं काम. मी घेतही नाहीये, सिरियसली. पण रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. आपलं ग्राउंड गाड्यांच्या पार्किंगला द्यायचं की नाही ते तिथे ठरणार, आणि मी तेव्हा आयसीयूत असणार. म्हणून हे.

आईने विचारलं, "काय लिहितेस?"

"मृत्युपत्र."

"वीस वर्षांची घोडी, मरायची कागदं लिहिते! ऊठ, कणीक मळ."

कणीक मळून आले. आता पुढे.

कलम एक. घर आईच्या, म्हणजे मीना मनोज गांगुर्डे हिच्या नावावर आहे, त्यामुळे ते द्यायचा प्रश्न नाही. बँकेत माझं जे काही असेल ते तिचंच. त्यातून तिने गुडघ्याचा पट्टा घ्यावा, माझ्या टीमच्या मुलींच्या बुटांवर खर्च करू नये. आईने मला आरटीईमधून इंग्लिश मीडियमला घातलं. त्या शाळेला केवढं ग्राउंड होतं! आणि घरी आलं की इथे मुलं जिन्यात क्रिकेट खेळायची, मोठी झाली की टपरीवर उभी राहायची, आणि मुली तर कुठेच नाहीत. मुलींची कबड्डी टीम काढायचं माझं खूळ तिथून सुरू झालं. मला स्वतःला डॉक्टरांनी कधीच पळू दिलं नाही, म्हणून मी शिट्टी घेतली.

कलम दोन. ती शिट्टी, रेषा मारायची फक्की आणि तिची बादली, गुडघ्याचे पॅड, स्पीकर, हे सगळं गोदावरीला, म्हणजे तळमजल्यावरच्या गोदीला. नववीत आहे. तिने पाय धरला की समोरची सुटत नाही. गोदी, शिट्टी आधी उकळून घे. आणि छोट्यांवर एवढी ओरडू नकोस, ती तुझ्यासारखीच खेळतात.

कलम तीन. माती. हे नीट वाचा.

मागच्या वर्षी त्या मोकळ्या जागेत सगळे दगडगोटे होते. रोज कोणाची ना कोणाची ढोपरं फुटायची. कॉलेजमधला माझा मित्र मयुरेश, त्याच्या मामांनी त्यांच्या मळ्यातून एक ट्रॉली पोयटा पाठवला. नदीकाठची गाळाची माती, काळी, मऊ. माझ्याच नावाने, भेट म्हणून. आम्ही ती पसरली, पाणी मारलं. मी परीक्षेला गेले. परत येऊन बघते तर ग्राउंडच्या मधोमध वाफे! आणि वाफ्यांजवळ गोदीची आजी, फुलाबाई, आरामात बसलेल्या.

"आजी, हे काय केलंत?"

"मेथी टाकली. का गं?"

"अहो, हे कबड्डीचं ग्राउंड आहे!"

"इतकी चांगली माती कुणी पाय आपटायला आणतं व्हय? शाळा शिकली का नाय तू?"

मी खूप चिडले, बोलू नये ते बोलले. आजी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "जलमभर लोकांच्या मळ्यात मेथी खुडली, पोरी. माझ्या दारात माती आली ती पहिल्यांदा. तिच्याकडं नुसती बघत बसू?"

मी वाफे मोडले नाहीत. मेथी उगवली.

आणि मग मला एक गोष्ट दिसली. एरवी संध्याकाळ झाली की रिक्षा, टेम्पो सगळे ग्राउंडवर यायचे. आम्ही बोर्ड लावला, हात जोडले, भांडलो, काही फरक नाही. मेथी वर आली आणि गाड्या आपोआप थांबल्या. इथले आपण सगळे कुठल्या ना कुठल्या शेतातून आलोय, कोणी सटाण्याकडून, कोणी पेठकडून. रिकाम्या जागेत आपण बिनधास्त गाडी घालतो. उभ्या पिकाकडे आपलं स्टिअरिंगच वळत नाही.

ती मेथी खुडल्यावर आजी आणि माझा तह झाला. मध्ये कबड्डी, चारही कडांना मेथी. खेळताना रेषेबाहेर गेलं की मुलगी आऊट, वरून आजींच्या शिव्या. आमच्या मुली रेषेच्या आत राहायला अशाच शिकल्या.

मॅडम म्हणाल्या, "अपूर्वा, जागा महापालिकेची आहे. जे तुझं नाही ते तू देऊ शकत नाहीस."

"जागा नाही देत मॅडम. माती माझी आहे ना?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लिही," म्हणाल्या.

म्हणून लिहिते. चारही कडांची माती फुलाबाई आजींना. मधली माती गोदीला आणि तिच्यामागून येणाऱ्या सगळ्या मुलामुलींना. अट एकच, कडेला कायम काहीतरी उभं असावं. एक खुडलं की दुसरं.

कलम चार. आपले चेअरमन कोंडाजी काका यांना मी काहीही देत नाही. ‘पोरींच्या उड्यांनी कुणाचं पोट भरतं?’ हे त्यांचं वाक्य मी विसरलेले नाही. पण ‘रिक्षा रस्त्यावर लावली की बॅटरी चोरीला जाते’ हे त्यांचं खरं आहे. पाण्याच्या टाकीमागे बांधकामाचा मलबा पडलाय. तो उचलला तर तिथे सगळ्या रिक्षा लागतील. माझी टीम हातभार लावेल. काकांनी फक्त हो म्हणावं.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं मॅडम म्हणाल्या. आता बिल्डिंगमध्ये काहीच न मिळालेलं माणूस कोण? मी काकांकडेच गेले.

"म्हंजे मला ठेंगा दिला, म्हणून सही माझी?"

"हो काका."

"आण तो पेन. लय डोक्याची हायेस."

ठिकाण: नाशिक
तारीख: ४ फेब्रुवारी २०२६

लिहून देणार: अपूर्वा मनोज गांगुर्डे

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
१. कोंडाजी सावळीराम पगार
२. मयुरेश गोविंद जाधव

ता. क. साक्षीदाराने सगळं वाचायची गरज नसते, तरी काकांनी सगळं वाचलं. खिडकीतून खाली वाकून फुलाबाईंना विचारलं, "आणि मेथी वाळली तर गं?"

"मी वाळू देईन व्हय?" खालून आवाज आला.

काका खाली उतरले. आत्ता गॅलरीतून दिसतायत, टाकीमागे उभे आहेत, मलब्यातली एक फरशी पायाने हलवून बघतायत.

मॅडम म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. पण मीटिंग रविवारी आहे, आणि माझा तर परत यायचा प्लॅन आहे. म्हणून हा कागद जिन्याखालच्या बोर्डावर लावतेय. रविवारी हात वर करायच्या आधी सगळ्यांनी एकदा खाली ग्राउंडकडे बघा आणि खरं खरं सांगा, त्या उभ्या मेथीतून गाडी नेववेल तुम्हाला?