ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा

मस्तगड, जालना
१२ सप्टेंबर, शुक्रवार

चि. धम्मपाल,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा या आठवड्यात दुखला नाही. पप्पांनी स्वयंपाकघरावरची गळती एकदाची बंद करून घेतली. सुरेखाआत्याला जय भीम सांग. तिच्या हातचं खाऊन तू जाड होऊन येशील असं आईचं मत आहे. मला ती शक्यता कमी वाटते.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. मिलच्या गेटवरचे तातेराव बाजाराला कुंभार पिंपळगावला येणार आहेत, त्यांच्या हाती देते. पाकीट जड लागलं असेल. आत काय आहे ते आत्ता बघू नकोस, आधी हे वाचून काढ.

भारतच्या पायाचं हाड सरळ जुळतं आहे. प्लास्टर अजून महिनाभर. काल भेटायला गेले तर तो खाटेवर बसून पंख्याचं रेग्युलेटर खोलत होता. म्हणाला, "मॅडम, धम्म्या रुसला का मेला, तेवढं सांगा. पाय माझा मोडला अन् तोंड हा लपवून राह्यला." त्याची आई आतून ओरडली, "मेला बिला बोलू नको रे." मी म्हटलं, विचारून सांगते.

आता त्या रविवारच्या ट्रेकचं. तू ते मनात तुझ्या पद्धतीने रचून बसला असशील, म्हणून मी क्रमाने लिहिते. मला मिलमध्ये चाचणीत सळी तुटल्यावर अहवाल लिहायची सवय आहे. त्यात पहिला प्रश्न कोणी तोडली हा नसतो. कुठून तुटली हा असतो.

अजिंठ्याच्या रांगेतला तो डोंगर काही उंच नाही. उंच डोंगराला माणूस आपोआप भितो, अशा डोंगराला भीत नाही, आणि म्हणून पडतो. भारत मिलमधले बूट घालून आला होता, पुढे लोखंडी टोपी असलेले. मी सकाळी म्हटलं होतं, हे बूट पायावर सळी पडली तर उपयोगाचे, ओल्या दगडावर नाहीत. तो म्हणाला, "कंपनीचे हायेत, फुकटचे हायेत, मजबूत हायेत." उतरताना शेवाळावरून तो घसरला आणि वाटेखालच्या घळीत गेला. त्याच वेळी ढग खाली आले. हे कोणी पाहिलं नाही, कारण तो सगळ्यांच्या मागे होता.

तू त्याच्या पुढे होतास. त्याने तुला सांगितलं होतं, "तू हो पुढं, मी लेस बांधून आलोच." तू खाली आलास. पायथ्याशी, आपण जेवतो त्या सोनूबाईंच्या ओसरीवर आपली फळी टांगलेली होती. वर जाताना प्रत्येकाने आपल्या नावाचा लोखंडी बिल्ला खिळ्याला लावायचा आणि खाली आल्यावर काढायचा, म्हणजे खिळ्यावर जो उरला तो माणूस अजून डोंगरावर आहे हे कळतं. तू तुझा काढलास, आणि भारतचाही काढून खिशात टाकलास.

का काढलास हे मला कोणी सांगायची गरज नाही. मिलच्या गेटवर हेच चालतं. दोस्ताला पाळीला उशीर झाला तर त्याचा बिल्ला आपण लावायचा, तो पळत आला की डोळा मारायचा. तातेराव गेटवर बसून सगळं बघतात आणि चष्मा पुसतात. तिथे दुसऱ्याचा बिल्ला हलवणं हा उपकार असतो. ही फळी मी मिलच्या गेटवरूनच उचलली होती. फळीबरोबर ती सवयही येणार, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

मी फळी पाहिली, रिकामी होती. म्हटलं, सगळे आले. आपण जेवायला बसलो. सोनूबाईंनी पिठलं वाढलं, आपल्या गटातल्या मयंकने तिखट लागलं म्हणून पाण्याचा अख्खा तांब्या संपवला, त्यावरून सगळे हसले. मीही हसले. जेवून उठल्यावर मयंक जीपच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "अरे चलो, जल्दी करो. चावी कुणाकडं?"

चावी भारतकडे होती.

तुझा चेहरा मला आठवतो. तू खिशातून दोन बिल्ले काढलेस आणि हातावर धरून उभा राहिलास. तेव्हा मी सगळ्यांसमोर तुला जे बोलले, ते नियम म्हणून बरोबर होतं. बोलायची ती वेळ नव्हती. हे लिहिताना मी तीन वेळा खोडलं आहे, आता राहू देते.

त्यानंतरचं तू कोणाला सांगितलं नाहीस, आत्यालाही नाही, हे मला माहीत आहे. मी सॅक उचलून सरळ वर निघाले होते. एकटी, दोर न घेता, पुढचा दगड दिसत नव्हता अशा ढगात. हे करू नका म्हणून प्रत्येक वेळी निघण्याआधी जी मुलगी तुम्हाला भाषण देते, ती. तू मागून येऊन सॅकचा पट्टा धरलास. मी हिसडा दिला, तू सोडला नाहीस. म्हणालास, "ताई, थांब. एक हरवला तर दोन हरवू नये, हे तूच सांगतीस ना? मंग? शिट्टी काढ आधी."

मी शिट्टी काढली. तीनदा वाजवून थांबायचं आणि ऐकायचं. दुसऱ्या खेपेला खालून, डाव्या बाजूने, भारतची शिट्टी आली. मी उजव्या वाटेने निघाले होते. तू पट्टा सोडला असतास तर मी त्याच्यापासून लांब जात राहिले असते, आणि गावकऱ्यांना दोघांना शोधावं लागलं असतं. पुढे गावातली माणसं दोर घेऊन आली, आणि तू भारतला पाठीवर घेऊन उतरलास. तो सगळी वाट तुला शिव्या देत होता. ते चांगलं लक्षण होतं, शुद्धीवर होता.

तर माझा अहवाल असा. एका माणसाच्या एका सवयीने जी व्यवस्था कोसळते ती व्यवस्थाच कच्ची होती, आणि ती मी केली होती. आता ती दुरुस्त केली आहे. बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा आणि काढताना आपलं नाव मोठ्याने सांगायचं. मिलचे बूट बंद. आणि सगळ्यांच्या मागे एक ठरलेला माणूस, ज्याच्या मागे कोणी राहायचं नाही. लेस बांधायला कोणी थांबला तर तोही थांबेल. मयंक म्हणतो, "मी राहतो मागं, तसाही मागंच असतो." मी नको म्हटलं. ती जागा मोकळी आहे.

आता जीपमधलं. भारतला मागच्या सीटवर आडवं ठेवलं होतं, तू माझ्याशेजारी होतास. हळूच विचारलंस, "ताई, तू अशी का पळालीस? तू तर कधीच पळत न्हाईस." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला वाटलं मी रागात आहे. दुसऱ्या दिवशी तू बसमध्ये बसून आत्याकडे गेलास.

मी रागात नव्हते. भारतने जूनमध्ये मला एक प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो पुन्हा विचारायला आला नाही, मीही विषय काढला नाही, आणि असंच चालू शकेल असं मी धरून चालले होते. तुझ्या हातावर दोन बिल्ले पाहिले तेव्हा कळलं की विचार करायचं काही उरलेलं नाही.

काल त्याला उत्तर सांगितलं, लग्नाला हो. त्याने रेग्युलेटरचा स्क्रू उलटाच पिळला. मग म्हणाला, "धम्म्याला माहीत हाय का? तो न्हाई तर मी तुमच्या घरात पाय टाकत न्हाई. एकच पाय हाय सध्या."

आईला मी अजून सांगितलेलं नाही. सांगताना तू बाजूला हवा आहेस. मी फार सरळ सांगते, ऐकणाऱ्याला ते थंड वाटतं. तू मध्ये एखादा फालतू विनोद केलास की बरं पडतं. आणि पुढच्या महिन्यात, निसरडं कमी झालं की, आपण त्याच डोंगरावर जाणार आहोत. मी पुढे असेन.

आता पाकीट उलटं कर. तो तुझाच आहे, जीपच्या सीटखाली सापडला. ताणून तपासताना तुटलेल्या नमुन्याच्या सळीतून मी तो कापला तेव्हा तू म्हणाला होतास, "ह्यो तर तुटका माल." तो नमुना अपेक्षेपेक्षा बराच जास्त ताण घेऊन तुटला होता, हे तेव्हा सांगायचं राहिलं. फळीवरचा तुझा खिळा मी कोणाला दिलेला नाही. पण तुझ्या वतीने बिल्ला लावणारही नाही. तो तूच येऊन लाव.

मागे तू आहेस असं धरून चालणारी,
तुझी ताई
अक्षता