मावळतीची चार काचेची कौलं

२ एप्रिल १९७८, रविवार
पहिली आली ती अंबुबाई. शेजारीण म्हणून नव्हे, जळायला. मागच्या अंगाला वाढवलेल्या खोलीवर काचेची कौलं बसणार, हे तिला कौलं खडेबाजारातून घरी यायच्या आधीच कळलेलं. मालूला, माझ्या नातीला, मागल्या खेपेला बघून गेलेल्यांनी निरोप धाडला होता, घरात अंधार, पोरगी नीट दिसली न्हाय. एवढंच कारण! आता उजेडच पाडते म्हटलं. लेकानं, भावकूनं, मान हलवली. गुणाचा आहे.

५ एप्रिल, बुधवार
मष्णू गवंडी म्हणतो, आक्का, एकच काच घाला, ती बी उगवतीच्या उतरणीवर. सकाळी उजेड, दुपारी सावली. मावळतीला घातलासा तर भट्टी हुईल. म्हटलं, बाबा, पोरगी बघायला पाव्हणं तीनला येत्यात, तुझ्या उगवतीला तवा काय दिसंल? मुंडासं सावरत कौलं मोजायला लागला. कामातल्या जाणत्याला गप्प केलं की मला जेवण गोड लागतं. चार कौलं, चारी मावळतीला. अंबुबाईची पडवी तिकडंच. फणसाखाली काळोखात बसून बघू दे तिला.

८ एप्रिल
कौलं बसली! काय उजेड! सांडलेली मोहरी वेचता येती. दूध ठेवलं होतं तिथं, नासलं. शिळंच असणार. सुनेचं लक्ष न्हाय.

११ एप्रिल, दुपारी ३
मालूला पाटावर बसवून ट्रायल घेतली. ऊन बरोबर तोंडावर पाहिजे. पाट हातभर सरकवला, आता फिटिंग नंबर एक. आज्जी, डोळं मिटत्यात, म्हणाली. मिटूदेत म्हटलं, लाजल्यागत दिसतंय. रोज तासभर बसायचं. सवय हवी. सून म्हणाली, दोन कौलं तरी बदलूया. तुझ्या आईच्या घरी बदल म्हटलं.

१७ एप्रिल
मालूच्या नाकाची साल निघाली. रंगही काळवंडला. सुनेच्या माहेरचा रंग, किती दिवस दडणार? पावडर आणवली. मी आपली दुपारी पुढच्या सोप्यात पडते. वयाला सोसत न्हाय.

२३ एप्रिल, रविवार
आले! मुलगा लोंढ्याला रेल्वेत, त्याची आई, मामा. तीनला बरोबर नव्या खोलीत बसवले. उजेड असा, की मुलाच्या आईच्या ओठावरची लव मी मोजली. मालू पोहे घेऊन आली. पावडर घामानं हनुवटीवर जमली, पण चेहरा कसा स्पष्ट! मामानं टोपी काढली, मग कोट. मुलाची आई म्हणाली, घेरी आल्यागत वाटतंय, जरा सावलीला बसतो. तिघं उठून अंबुबाईच्या पडवीत गेली. दीड तास. तिच्या नातीनं, यशोदानं, ताक दिलं म्हणे. देऊ दे. शेजारधर्म आहे.
जाताना मामानं रस्त्यावरनंच हात जोडले. शुक्रवारी परत येतो म्हणाला. बघ, मी म्हणत होते, असं मालूला म्हटलं. ती वर कौलांकडं बघत राहिली.

२७ एप्रिल, गुरुवार
मष्णू म्हणाला, आक्का, अजून येळ हाय, काढू काय काचा? म्हटलं, काढतोस कशाला, पुसून घे. उद्या पाव्हणं हाईत. मालू अलीकडं उलटून बोलत न्हाय. उन्हानं वळण लागलं.

२८ एप्रिल, शुक्रवार
तीनच्या आधीच मालूला पाटावर बसवलं. पाव्हणे आले. अंबुबाईकडं. साडी, नारळ, पेढे घेऊन. मालूनं विचारलं, आज्जी, आता उठू? बस म्हटलं, जाताना डोकावतील. पाच वाजले. डोकावली ती अंबुबाई. पेढा दिला, आणि नवी खोली मागितली. यशोदाच्या लग्नाचं वऱ्हाड उतरवायला. उजेड लई छान हाय आक्का, म्हणाली. भावकूनं मान हलवली.
तरी बरं, शेवटी आमच्याच खोलीत यायचेत. मालूचा पाट तिथंच ठेवायला सांगितलाय. वऱ्हाडात लग्नाजोगी चार मुलं असतातच.
पाव्हणे परत येणार: १४ मे, रविवार.