गावाचा नकाशा आणि माझा मेहुणा

४ फेब्रुवारी
न्हाव्याच्या दुकानात अपमान. मेहुण्याच्या वर्कशॉपमधल्या ग्राइंडरमुळे दुपारी डोळा लागत नाही, एवढंच मी सभ्यपणे म्हणालो. हा इसम, हिचा सख्खा धाकटा भाऊ, तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत म्हणाला, रिटायर झाल्यापासून भावोजींना झोपेशिवाय काम काय! न्हावी हसला. पेपरामागून मास्तरही हसला.
तिघांचाही सूड घेणार. आधी मेहुणा.

५ फेब्रुवारी
हिला सांगितलं. म्हणाली, खोटं काय बोलला?
म्हणजे आता चौघं.

९ फेब्रुवारी, सकाळी
संधी चालून आली! गावाचा जमीन-वापराचा आराखडा होणार. घरं कुठे, दुकानं कुठे, मैदान कुठे. वरून आलेली प्लॅनर मुलगी म्हणते, हे गावकऱ्यांनीच ठरवायचं, पण सभेला कुणी फिरकत नाही. म्हटलं, माणसं गोळा करणं माझ्याकडे लागलं. उभा जन्म हेडक्लार्कीत गेलाय.
प्लॅन: वर्कशॉप भर वस्तीतून उचलायचं. लोकशाही मार्गाने. वार कुठून झाला, मेहुण्याला कळणारसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी
घरोघरी फिरतोय. धूर-आवाजाचे धंदे सगळे एका टोकाला, असं सांगतो. लोक भारावतात. दूधवालीने विचारलं, टोकाला म्हणजे नक्की कुठं? तपशील नंतर, म्हटलं. नेतृत्व करणाऱ्याने तपशिलात शिरू नये.
न्हाव्यावर बहिष्कार. दाढी खाजते. सूड म्हटला की त्याग आलाच.

१५ फेब्रुवारी
मेहुण्यालाही सभेचं आमंत्रण दिलं. अगदी गोड हसून. म्हणाला, भावोजी, आयडिया झकास आहे.
बिचारा.

१८ फेब्रुवारी, सभेनंतर
शाळेचा वर्ग तुडुंब. पोरांच्या बाकांत म्हातारे अडकलेले. माझं भाषण जबरदस्त झालं. ठराव एकमताने पास. मेहुण्याने तर दोन्ही हात वर केले.
मग त्या मुलीने टेबलावर नकाशा पसरला, प्रत्येकाच्या हातात निळा स्टिकर दिला आणि विचारलं, टोक कुठलं? पूर्वेला ओढ्याचं पाणी चढतं, दूधवाली म्हणाली. पश्चिमेला पिण्याच्या पाण्याची विहीर. उत्तरेला शाळा, म्हणून मास्तर आडवा आला. उरली दक्षिण. शेवटच्या घरामागची मोकळी जागा.
शेवटचं घर कुणाचं, मी हसत विचारलं.
आपलं घर मध्यवर्ती आहे असं मी कायम धरून चाललोय. नकाशा सदोष असणार. तसं बोललोही. मुलीने बोट ठेवून दाखवलं. मागची भिंत, तिच्या अलीकडे माझी झोपायची खोली.
सगळ्यांनी तिथेच स्टिकर चिकटवले. शेवटी ही उठली. स्टिकर लावला आणि निघू नये म्हणून अंगठ्याने दाबला.

२० फेब्रुवारी
हरकत घ्यायला गेलो. मुलगी म्हणाली, काका, सूचक तुम्हीच आहात. तरी चार सह्या आणा, बघू.
बहिष्कार तात्पुरता मागे घेऊन न्हाव्याकडे गेलो. अर्धी दाढी झाल्यावर विषय काढला. म्हणाला, तुम्हीच तर आम्हाला पटवलंत! मास्तर म्हणाला, लोकसहभागाचं उदाहरण म्हणून मुलांना तुमचंच नाव सांगतो.
सह्या शून्य. दाढी मात्र गुळगुळीत.

६ एप्रिल
वर्कशॉप भिंतीमागे सुरू. जागा ऐसपैस, म्हणून दुसरा ग्राइंडर. वर्कशॉपची जुनी गल्ली आता दुपारी घोरते म्हणे. भावाला चहा नेताना वळसा पडतो म्हणून हिने भिंतीला दार पाडून घेतलं.

११ एप्रिल
त्या दारातून मेहुणा आत आला. म्हणाला, भावोजी, नाहीतरी जागेच असता. गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवाय, येता का? ठणकावून नाही म्हणालो.

१४ एप्रिल
आजपासून जातोय. शत्रूला आतून पोखरायचं ठरवलंय. त्याने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि कानात घालायला कापूस दिला.
कापूस मऊ आहे.