लुगड्याच्या बावीस पिशव्या

३ फेब्रुवारी, सकाळी ७
ठरलं. घरातला कचरा महिन्याभरात निम्मा करायचा. निवृत्त माणसाला टार्गेट हवंच. ताणकाटा आणला. आजचा कचरा दीड किलो. मालूला आकडा सांगितला. म्हणाली, आधी दूध आणा. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला माझं महत्त्व कळलेलं नाही.

५ फेब्रुवारी
प्लॅस्टिक बंद! मालू शिरढोणला लग्नाला गेलीय. कपाटाच्या तळाशी सहा जुनी लुगडी सापडली. सासूबाईंची. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, लुगडी नुसती पडून. म्हणजे वेस्टच. टेलरकडे टाकली.

७ फेब्रुवारी
बावीस पिशव्या झाल्या. सोसायटीत फुकट वाटल्या. सेक्रेटरी अविनाशने फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकोणीस अंगठे.
संध्याकाळी मालू परत आली. गेटवर शेजारीण नव्या पिशवीतून बोंबील घेऊन येत होती. मालू पिशवीच्या काठावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. वर आली ती थेट कपाटाचा तळ उघडून बसली. भारावली असावी.

८ फेब्रुवारी
मालू कामोठ्याला गेली, आमच्या मुलीकडे, पूर्वीकडे. चार दिवस म्हणाली. बॅग मोठी घेतली. लेकीकडे जायचं म्हणजे बायका जास्त कपडे घेतातच.

१४ फेब्रुवारी
कचरा पाचशे ग्रॅम! टार्गेट केव्हाच पार!
मालूला सांगायला फोन केला. पूर्वी म्हणाली, आई आंघोळीला गेलीय. दुपारीही आंघोळ. संध्याकाळीही. स्वच्छतेचं वेड माझ्याकडून लागलेलं दिसतंय.

२० फेब्रुवारी
दोनशे ग्रॅम. घंटागाडीवरच्या रंभाबाईंना डबा उघडून दाखवला. म्हणाल्या, "दादा, कचरा कमी नाय झाला. घरातलं मानूस कमी झालंय. वयनी कवा येनार?"
त्यांना यातलं शास्त्र कळत नाही.
दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती.

२२ फेब्रुवारी
पिशव्या परत मागत दारोदार फिरलो. क्वालिटी चेक आहे, असं सांगितलं. नऊ मिळाल्या. एकीचा बोंबलाचा वास तीनदा धुऊनही जाईना. एका घरी पायपुसणं झालं होतं. तेही आणलं.

२३ फेब्रुवारी
कामोठ्याला गेलो. मालूने पिशव्या मांडीवर घेतल्या आणि एकेकीची शिवण उसवायला बसली. मी म्हणालो, पुन्हा जोडून घेऊ, टेलर ओळखीचा आहे.
ती वर न बघता म्हणाली, "विचारलं असतंत, तर एक पिशवी मीच शिवून दिली असती."
घरी चल, असं म्हणायचं होतं. कचरा दोनशे ग्रॅमवर आणलाय, असं म्हणालो.
तिने चहा केला. पाहुण्यांच्या कपात दिला.
निघताना वाटलं, मी चपला घालेपर्यंत तीही उठेल. दारापर्यंत आली. म्हणाली, "रिक्षा मिळेल ना?"
मिळेल म्हणालो.
लगेच मिळाली.