मातकट रंगाचं जाकीट

इचिकावा,
२७ ऑक्टोबर १९९६

ती. बाबा आणि आई,

इथूनच वाकून शि. सा. नमस्कार. पत्र आधी शेवटपर्यंत वाचा, रागवायचं ते मग.

फराळाचं पार्सल मिळालं. चकल्यांचा चुरा झालाय, पण मी तो चमच्यानं खाते. अनारसे मात्र शाबूत आले. आईला सांगा, लॅबमधल्या मुली त्यांना ‘भारतीय सेंबे’ म्हणतात (सेंबे म्हणजे इथल्या जपानी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या) आणि डबा माझ्याआधी उघडतात.

आता मुद्दा. पुढच्या महिन्यात मी शिकारीला जाणार आहे. बाबा, बसूनच वाचा. मी बंदूक धरणार नाही, मला तसा परवानाही नाही. पण माझी पीएच.डी. हरणांच्या अंगावरच्या गोचिडांवर आहे, आणि हरीण गार पडू लागलं की गोचीड त्याला सोडून जातात. कुणी आणून देईल म्हणून लॅबमध्ये वाट बघण्यात अर्थ नाही, मला जागेवरच हजर राहायला हवं. सरांनी चिचिबूच्या डोंगरातल्या शिकाऱ्यांशी बोलणं केलंय. त्यांचे म्होरके किकुची-सान साठी ओलांडलेले आहेत. त्यांचे जुने मित्र ओदा-सान आणि आणखी काही जण असतील. पायवाट नसलेल्या डोंगरात दिवसभर चालायचं आहे. थंडी कडाक्याची असेल.

तुम्ही शाळेच्या मुलांना आयुष्यभर गडांवर नेलंत. सॅकमध्ये काय भरू, ते लिहा. इथे कुणाला विचारलं की महागड्या दुकानाचा पत्ता देतात.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
अपूर्वा


सातारा,
६ नोव्हेंबर १९९६

चि. अपूर्वास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दुपारच्या टपालानं आलं. फराळाचा परिच्छेद वाचून हसलो, त्यापुढची दोन वाक्यं वाचून चष्मा काढून पुसला. दोष चष्म्याचा नव्हता. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं तर तिच्या हातातलं निरांजन खाली पडलं. आपल्या घरात अंड्याचा केक आला तर त्याला वेगळी बशी लागते, आणि पोरगी हरणांच्या शिकारीला! दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. ती म्हणते, मी तुला लहानपणी डोंगरात हिंडवलं म्हणून हे झालं. असेलही.

पण कामच तसं असेल तर अर्धवट तयारीनं जाऊ नकोस. बूट नवे घालू नकोस, जुने आणि घोट्यापर्यंतचे घाल. मोजे लोकरीचे, आणि एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. काड्यापेटीही तशीच. शिट्टी सॅकमध्ये नको, गळ्यात हवी. पाणी, गूळ, शेंगदाणे. सॅकमध्ये जड वस्तू पाठीलगत भर. आणि कपडे मातकट रंगाचे घाल. भडक रंगानं जनावर बुजतं, हे मी प्रत्येक सहलीत मुलांना सांगत आलो. आईचा आग्रह आहे की तिनं विणलेला मफलर गळ्यातून काढायचा नाही.

पोहोचलीस की लगेच कळव. राग कमी झालेला नाही, पण त्याच्या खाली काय आहे हे तुला ठाऊक आहे.

तुझे,
बाबा


इचिकावा,
२५ नोव्हेंबर १९९६

ती. बाबा आणि आई,

शि. सा. नमस्कार. मी सुखरूप आहे. हे वाक्य आधी लिहिते. एक भयंकर गोष्ट घडली आहे, पण मला काहीही झालेलं नाही.

किकुची-सानांच्या घरी पहाटे सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. माझी सॅक त्यांनी स्वतः उपसली. कोरडे मोजे, काड्यापेटी, शिट्टी, एकेक वस्तू पाहून मान डोलावत होते. ही भरायला कुणी शिकवली, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. मग त्यांनी माझ्या खिशातला पांढरा रुमाल काढून ठेवला. झाडीत पांढरं हललं की ते हरणाचं शेपूट वाटतं म्हणाले. आणि मग माझं जाकीट पाहून त्यांनी त्याची बाही चिमटीत धरली. मी जुन्या बाजारातून मुद्दाम मातकट जाकीट घेतलं होतं. हरिणाचा रंग अगदी असाच, असं ते म्हणाले. इथे शिकारी अंगावर नारिंगी बंडी आणि टोपी घालतात, म्हणजे माणूस लांबून ओळखू येतो. मला देण्यासाठी जास्तीची बंडी कुणाकडेच नव्हती. त्यांनी आपली काढून माझ्या अंगात घातली, टोपीही दिली. मी नको नको म्हणत होते. आपण एकाच जागी उभे राहणार, ती जागा सगळ्यांना माहीत आहे, असं त्यांचं म्हणणं.

बाबा, ते त्या जागेवर राहिले नाहीत. मी ओढ्याकाठी घसरले आणि मला हात द्यायला ते गवतातून खाली उतरले. इथे बांबूसारखं दाट गवत कमरेपर्यंत असतं. पलीकडच्या उतारावर ओदा-सान होते. त्यांना गवत हललेलं दिसलं.

आवाज एवढा मोठा होता की मला वाटलं दरड कोसळली. किकुची-सान बसल्यासारखे खाली गेले. मांडीतून रक्त येत होतं. मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. आईचा मफलर काढून मांडीवर घट्ट आवळला आणि शिट्टी वाजवत राहिले. ओदा-सान धावत आले. आपण काय केलं ते पाहिल्यावर त्यांनी बंदूक जमिनीवर ठेवली आणि मित्राचं डोकं मांडीवर घेतलं. इतरांनी दोन बांबूंना कोट बांधून डोली केली. रस्ता लागेपर्यंत खांदा बदलायला ओदा-सान तयार नव्हते.

ऑपरेशन झालं. जीव वाचलाय, पायाचं अजून सांगता येत नाही म्हणतात. पोलिसांनी माझा जबाब घेतला. आणि किकुची-सानांची बायको इस्पितळात मला भेटली तेव्हा कमरेत वाकून माझीच माफी मागत होती. परक्या देशातल्या मुलीला एवढं घाबरवलं म्हणून! मला तिथेच रडू फुटलं.

ती बंडी अजून माझ्याकडे आहे. हात लावायचं धाडस होत नाही.

जवळ घ्या.

अपूर्वा


सातारा,
५ डिसेंबर १९९६

चि. अपूर्वास,

पोटाशी धरून आशीर्वाद. तुझं पत्र मी दारातच उभ्यानं वाचलं. आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि गॅस बंद करून देवघरात जाऊन बसली. मफलराचं कळल्यावर तिनं नवी लोकर आणली, पण सुया हातात घेऊन नुसती बसते.

मातकट रंग मी सांगितला. आपल्याकडच्या गडांवर आम्ही पक्षी बघायला जायचो, तिथे कुणाच्या हातात बंदूक नव्हती. शिकारीतलं मला काहीही कळत नव्हतं, तरी मी मास्तरकी केली. त्यांनी आपली बंडी तुला घातली नसती, तर ती गोळी तुझ्या दिशेनं आली असती. हा विचार रोज नव्यानं येतो आणि रोज तेवढाच हादरवतो.

सोबत इंग्रजीत एक पत्र ठेवलं आहे, किकुचीसाहेबांसाठी. ते त्यांना वाचून दाखव. माझ्या मुलीसाठी त्यांनी जे अंगावर घेतलं, त्याची परतफेड नाही, एवढंच त्यात आहे, आणि चूक माझी आहे, हेही.

तू परत ये असं लिहायला पेन उचललं होतं. लिहीत नाही. पुन्हा डोंगरात जायचं की नाही, ते तू ठरव. सॅक कशी भरायची, हे मात्र यापुढे त्यांनाच विचार.

तुझे,
बाबा


इचिकावा,
१६ डिसेंबर १९९६

ती. बाबा आणि आई,

शि. सा. नमस्कार. काल रविवारी गाडीनं चिचिबूला जाऊन आले. किकुची-सानांचा पाय राहणार आहे. काठी लागेल, पण पाय राहणार.

ओदा-सान रोज इस्पितळात येतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. खोलीबाहेरच्या बाकावर बसतात, संध्याकाळी उठून जातात. बंदुकीचा परवाना त्यांनी आपणहून परत केला. किकुची-सानांनी त्यांना आत बोलावलं नाही आणि ते आपणहून गेले नाहीत. किकुची काकू त्यांना चहा नेऊन देतात, पण बोलत नाहीत.

मी दार उघडं ठेवूनच तुमचं पत्र वाचलं. जपानी मला ऐकून कळतं, पण बोलणं अजून दुकानात भाजी मागण्यापुरतं, त्यामुळे अडखळत, चुकत. चूक माझी, हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. किकुची-सान डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, तुझे वडील झोपतात ना नीट? मी खरं ते सांगितलं. त्यावर म्हणाले, त्यांना कळव की बंडी मी दिली, कुणी मागितली नव्हती. जागाही मीच सोडली. मुलीच्या काळजीनं लिहिलेल्या चार ओळींचा दोष ते डोक्यावर घेऊन बसलेत, तो त्यांनी खाली ठेवावा. आणि थोडा आवाज चढवून म्हणाले की दूर भारतातला एक अनोळखी मास्तर माझ्याशी बोलला, आणि पन्नास वर्षांपासूनचा दोस्त दाराबाहेर बसून आहे.

बाहेर बाक सरकल्याचा आवाज झाला. ओदा-सान दारात येऊन उभे राहिले, मग त्यांनी जमिनीला कपाळ टेकलं. किकुची-सान त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हाकलून देतील. ते एवढंच म्हणाले की पाठ अवघडली आहे, पलंगाचा दांडा फिरवून मला जरा उठतं कर.

ओदा-सान घाईनं पुढे झाले. त्यांनी दांडा भलताच फिरवला, पलंग खाडकन उभा राहिला आणि किकुची-सान ओरडले की आता काय दुसरा पायही मोडायचाय का! ओदा-सान दांडा धरून तसेच गोठले. आणि काकू, ज्या आजवर कुणासमोर रडल्या नव्हत्या, त्या तोंडावर पदरासारखी बाही धरून हुंदके देऊ लागल्या. त्यांना हसू येत होतं की रडू, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमची, दोघांची आठवण काढत,
अपूर्वा