तिसरं नको

आजारी माणसाला शहाळं द्यावं, त्यानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, असं तुम्ही मला शिकवलंत. झालं वाईट. तुमच्या नातवाचंच झालं. सासूबाई, नमस्कार मागाहून करते, आधी हे ऐका. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, घरात माझ्याशी भांडायला बरोबरीचं कोणी उरलं नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीत लिहितेय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नका. तुम्ही तर अंगठाच उठवायचात.

ठाकुर्लीच्या चाळीत मी नवी आलेली. मामंजी जेवायला बसलेत, मी भात वाढतेय, ते नको म्हणाले आणि मी पुढे सरकले. तुम्ही चुलीजवळून ओरडलात, "नको म्हणाले म्हणून निघालीस होय गं? पहिलं नको तोंडाचं, दुसरं रीतीचं. पोटाचं नको ते तिसरं. ते ऐकल्याशिवाय डाव मागे घ्यायचा नाही. माहेरी कधी कुणाला पोटभर वाढलंय का तुम्ही?" ते माहेरावरचं मला लागलं. तेव्हापासून माझ्या हातून तिसऱ्या नकोच्या आधी कोणी सुटला नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना हुशारीनं एका दमात नकोनकोनको म्हणायचा. तुम्ही हसायचात, "हे एकच धरलं," म्हणायचात आणि तुपाची धार सोडायचात.

तुमचा मुलगा, म्हणजे आमचे हे, साखरेनं गेले. तरी माझा डाव थांबला नाही. मग माझ्या मुलाला चाळिशीत साखर निघाली. सूनबाई बँकेत जाते, हिशेबी आहे. तिनं कुठल्या डाएटवाल्या मॅडमकडून कागद आणून फ्रिजला चिकटवला. म्हणाली, "आई, डाव ठेवा, वाटी घ्या." मी म्हटलं, "नवऱ्याला पाखराचं खाणं घालणार काय?" ती म्हणाली, "पाखरू आजारी पडत नाही, आई." तोंडाला लागणारी आहे, पण खोटं बोलत नाही. मी शिकले. भात वाटीनं मोजला, नाचणीची भाकरी, पालक, टोमॅटो, मुगाची उसळ. साठीनंतर शिकले आणि मला त्याचा ताठा आला. आता राहतो त्या वर्तकनगरच्या बायकांना जिन्यात थांबवून सांगायचे.

आणि त्याची किडनी गेली. उशीर झालेलाच होता, आम्हाला कळला नव्हता. नवा कागद आला. जे चांगलं म्हणून शिकले होते तेच आता बंद. पालक नको, टोमॅटो नको, भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं. पालेभाजीचं पाणी ओतलं म्हणून तुम्ही मला दिवसभर बोलला होतात. आता मी रोज सत्त्व मोरीत ओतते आणि चोथा मुलाला वाढते. प्यायचं पाणीसुद्धा दिवसाला एक बाटली, तीही पूर्ण नाही.

मे महिन्यातली दुपार. सून कामावर. तो पंख्याखाली पडलेला, ओठ फुटलेले, बाटली संपलेली. मागत नव्हता, नुसता बघत होता. मी खाली गेले आणि गाडीवरून शहाळं घेऊन आले. तो म्हणाला, "नको आई." मी पेला पुढे धरला. म्हणाला, "नको गं, चालत नाही." मी तिसऱ्याची वाट बघत थांबले. तिसरं आलं नाही. तो सगळं प्यायला. मलईसुद्धा मी चमच्यानं भरवली.

संध्याकाळी त्याच्या पायातलं बळ गेलं आणि छाती वेडीवाकडी धडधडायला लागली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्तात पोटॅशियम एवढं चढलंय, नारळपाणी कोणी दिलं यांना?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "मीच मागवलं." सूनबाईनं माझ्याकडे बघितलं.

वाचला. पण हृदय आता जेमतेम चालतंय म्हणतात. आठवड्यातून तीनदा माजिवड्याला रक्त धुवायच्या मशीनवर नेतात, परत येतो तो राखेसारखा. मी आता त्याचं पहिलंच नको ऐकते. ऐकून काय उपयोग, तो आता सगळ्यालाच नको म्हणतो.

पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुमच्यावर ढकललं ते पुरतं बरोबर नाही. नव्या कागदावर खाली सूनबाईनं लाल पेनानं, मला वाचता यावं म्हणून मोठं मोठं लिहिलं होतं, शहाळं अजिबात नाही. मी वाचलं होतं. एवढं वाचता येतं मला. तरी जिना उतरले.

आमचे हे तिथे तुमच्यापाशीच असतील. पोराचं काय झालं म्हणून विचारतील. तुम्ही बोलायचं नाही. पोरगा माझ्या आधी तिथे आला तर त्यालाही बोलू द्यायचं नाही, तो पुन्हा मीच मागवलं म्हणेल. मी येईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. उत्तर मी देणार.