मागचा ट्रॅक्टर

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विशाल गेला. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सकाळी फोनवर सांगितलं, दुपारी पोलीस ठाण्याच्या हवालदाराने दुजोरा दिला. म्हणजे परवाच्या ट्रॅक्टर शर्यतीतले मृत आता दोन. मारुती धनगर जागेवरच गेला होता. विशाल आबांचा, आमच्या तालुक्याच्या पुढाऱ्यांचा, सख्खा पुतण्या. शर्यत आबांच्याच वाढदिवसाची.

अटकेत एकटा नवनाथ. मागचा ट्रॅक्टर तो चालवत होता.

कालच्या अंकात मी पाठवलेली बातमी आणि छापून आलेली बातमी यांचं नातं फक्त गावाच्या नावापुरतं. मी लिहिलं होतं: पहिला ट्रॅक्टर निशाणाला लागताच दोन्ही बाजूंच्या जेसीबींनी गुलाल सोडला, पोरं विजेत्याला खांद्यावर घ्यायला पट्टीवर धावली, मागून येणाऱ्याला काही दिसलं नाही. छापलं: ‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रॅक्टर गर्दीत’. गुलाल पूर्ण गायब. डेस्कला फोन केला. म्हणे, "जागा नव्हती सर." त्याच अंकात आबांना शुभेच्छांचं पान आहे. पूर्ण, रंगीत. त्याला जागा होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कलम बदललं. काल सकाळपर्यंत निष्काळजीपणा होता, आज सदोष मनुष्यवध. मारुती मेला तेव्हा निष्काळजीपणा, विशाल मेला तेव्हा मनुष्यवध. मेंढरामागचा माणूस आणि आबांचा पुतण्या यांच्यातला फरक सरकारने एका रात्रीत कागदावर मांडून दिला. आता जामीन अवघड.

संध्याकाळी नवनाथची बायको सुनीता घरी आली, सासऱ्यांना घेऊन. चहा घेतला नाही. दारातच बसली.

"त्यांनी आदीच सांगितलं व्हतं गुरुजींला. मागचा थांबल्याबिगर गुलाल सोडू नका म्हणून. फायनलच्या आदी. मी डबा घेऊन गेलते, माझ्यासमोर सांगितलं."

मग माझ्याकडे बघून, "तुमी तर स्टेजवर व्हता तात्या. तुमी ऐकलं न्हाई का?"

ऐकलं. दोन खुर्च्या सोडून बसलो होतो, नुकतीच पांघरलेली शाल मांडीवर, हातात नारळ. शर्यतीचे निवेदक जगताप गुरुजी माईक खाली धरून आबांच्या कानाशी वाकले. गर्दीत कानगोष्टही मोठ्याने करावी लागते, त्यामुळे सगळ्या रांगेने ऐकलं. "आबा, ड्रायव्हर म्हणतोय, मागचा थांबला की मग गुलाल." आबा ड्रोनवाल्याकडे बघत होते. "मागचा थांबेस्तोवर धुरळा खाली बसतो गुरुजी. मग व्हिडिओत काय, माझं टक्कल?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

सुनीताला म्हणालो, ऐकलं. ती उठली, म्हणाली, "मग झालं तर."

झालं काहीच नाही.

१७ ऑक्टो., शुक्र.

बाजारात नवी आवई: नवनाथ पिऊन होता. चहाच्या टपरीवर तीन जणांनी तीन ब्रँड सांगितले. नवनाथ माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ, गावात सगळ्यांना माहीत. एक जण म्हणाला, "माळ काढून ठिवली असंल त्या दिवशी." डॉक्टरांना विचारलं. तपासणीत दारूचा अंश नाही. बातमी पाठवली, आली नाही.

पो. नि. साहेबांना भेटलो. जबाब द्यायचाय म्हणालो. सभ्य माणूस, खुर्ची दिली.

"तुम्ही पत्रकार. तुम्ही लिहा, जबाब कशाला?"

म्हणालो, लिहिलेलं छापत नाहीत.

"मग लेखी अर्ज देऊन ठेवा, बघू." अर्ज दिला. पोच मागितली तर बाहेरच्या टेबलाकडे बोट. बाहेरच्या टेबलावर कुणी नव्हतं.

सरळ पट्टीची शर्यत. बैलगाड्यांच्या शर्यतीत निशाणापुढे रान मोकळं सोडतात, बैलांना थांबायला जागा पाहिजे म्हणून. हे पोरासोरांना कळतं. त्या रविवारी निशाणापुढे पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या. पहिल्या ट्रॅक्टरला निशाणावरच करकचून थांबावं लागलं, आणि तो थांबला तिथेच गर्दी, तिथेच गुलाल, त्याच्या मागेच नवनाथ. बैलासाठी जेवढी अक्कल वापरतो तेवढीही माणसासाठी नाही. हे बातमीत नाही, पंचनाम्यात नाही. इथे तरी असू दे.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन

कोर्टाला सुट्ट्या. नवनाथची दिवाळी जेलात. त्याच्या ट्रॅक्टरमालकाला वेगळीच घाई. ऊसतोडीची टोळी कारखान्यावर निघायची वेळ झाली, गाडी ठाण्यात जप्त. सुनीताला निरोप: नवऱ्याला म्हणावं कबूल होऊन टाक, तीनचार वर्षांनी सुटशील, घराकडं आमी बघू. ‘तीनचार वर्षं’ असं म्हणाला, दोनचार भाकरी म्हणावं तसं.

दुपारी जगताप गुरुजींकडे फराळाला गेलो. वीस वर्षांची मैत्री. तालुक्यातला एकही सत्कार, लग्न, जयंती त्यांच्या आवाजाशिवाय होत नाही. आज आवाज बसलेला. चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवत राहिले.

मी विचारलं, तुम्ही जबाबात काय सांगितलं?

"मला कुणी बोलावलंच नाही."

बोलावलं तर?

"मी फक्त म्हणालो, पहिला आला रे आला. गुलाल सोडा असं मी म्हणालो नाही."

गुरुजी, शर्यतीच्या सगळ्या माळाने ऐकलंय.

"माळाचं काय घेऊन बसलात. धाकटा आबांच्या शाळेत नोकरीला आहे, मान्यता अजून यायचीय. तुम्हाला बोलायला काय जातं? तुमचं कोण अडकलंय?"

वहिनी आतून म्हणाल्या, "अहो त्यांना करंजी द्या." करंजी घेतली. खाल्ली नाही, खिशात घालून आणली. रस्त्याने चिडलो होतो गुरुजींवर, घरी येईपर्यंत चिडलो त्या मान्यतेवर. एका पोराच्या नोकरीची चावी दुसऱ्या पोराला जेलात ठेवायला लागते, अशी ही कुलपं कुणी केली?

२४ ऑक्टो., शुक्र.

माळावर गेलो होतो. मारुतीचा भाऊ बिरू मेंढरं घेऊन तिथेच. कळपातल्या कितीतरी मेंढरांची लोकर अजून गुलाबी. निशाणापाशी गुलालाचा थर आहे, ती त्यात बसतात.

बिरू म्हणाला, "धुतली तर निघंना. कातरल्यावरच जाईल."

आबांकडून मदत मिळाली का विचारलं. "फोटो काढला. मिळंल म्हन्ले." गुलालात बसलेलं एक मेंढरू काठीने उठवलं. मग: "त्या ड्रायव्हरला कावून धरलं तात्या? त्यानं काय आमच्या मारुतीला बघून घातला व्हय? त्याला काय दिसत व्हतं? मी कडंला उभा व्हतो, मला माझा हात दिसत नव्हता."

हे पोलिसांना सांगशील?

"आमाला ईचारतंय कोन. ईचारलं तर सांगू. भ्यायला काय, मेंढरंच न्हेतील."

मारुतीच्या मरणाची फिर्याद बिरूच्या नावाने आहे. ज्याचा भाऊ मेला त्याला फिर्याद कुणाविरुद्ध आहे हेही कुणी वाचून दाखवलेलं नाही. अंगठा घेतला, संपलं.

२६ ऑक्टो., रविवार

विशालचा तेरावा. जायचं नाही असं ठरवून गेलो. मंडपात अख्खा तालुका. आबा भिंतीला टेकून बसलेले, दाढी वाढलेली. ओळखू आले नाहीत. विशाल दोन वर्षांचा असताना त्याचा बाप, आबांचा थोरला भाऊ, वारला, यांनीच वाढवला. खोटं कशाला लिहू, बघून वाईट वाटलं.

जवळ बोलावलं. बाकीच्यांना हाताने दूर केलं.

"पत्रकार, तुमी अर्ज दिलाय म्हणं ठाण्यात."

दिलाय.

"काय लिव्हलं?"

ड्रायव्हरने सांगितलेलं गुरुजींनी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही काय म्हणालात, ते.

पंगतीत कुणीतरी भात मागत होतं.

"मी चेष्टा केली व्हती."

मला माहिती आहे आबा.

"चेष्टा केली म्हणून माणूस खुनी व्हतो का?"

नाही म्हणालो. पण मग गाडी चालवली म्हणून तरी कसा होतो?

त्यावर त्यांचा चेहरा बदलला. हळूच म्हणाले, "माझ्या पोराच्या अंगावरून चाक गेलं. चाकावर कोण बसला व्हता? मी? तुमी? मला ते एकच दिसतंय. दुसरं काय दिसू दिऊ नका मला."

उठलो. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही चाकच दिसलं असतं. पण ते बाप म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात, पुढारी म्हणून त्यालाच पोलिसांकडून धरून ठेवतात. पहिल्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. दुसऱ्याचा राग येतो. अजून येतोय, लिहिताना अक्षर दाबून उमटतंय.

बाहेर निघताना कुणीतरी म्हणालं, "होणारं टळत नसतं तात्या." या वाक्याला तालुकाबंदी करायला हवी. टळत होतं. एक माणूस टळेल असं सांगत होता, डबा खायच्या आधी.

२८ ऑक्टो., मंगळ.

सुनीताने केलेल्या वकीलबाई भेटल्या. तरुण, बीडहून एसटीने येतात. म्हणाल्या, पोलीस जबाब घेत नसतील तर प्रतिज्ञापत्र थेट जामीन अर्जाला जोडू. "पण काका, तुम्ही एकटेच असाल तर सरकारी वकील म्हणतील, पत्रकाराचं आबांशी जाहिरातीवरून बिनसलंय. निरोप देणारा माणूस पाहिजे. गुरुजी."

माझ्या प्रतिज्ञापत्रावर सही केली.

संध्याकाळी संपादकांचा फोन. त्यांना इतक्यात कसं कळलं विचारलं नाही. "आपण बातमी द्यायची, बातमी व्हायचं नाही." चांगलं वाक्य आहे, मीही नवीन पोरांना सांगतो. म्हणालो, बातमी तुम्ही दिली असती तर मी झालो नसतो. "विचार करा," म्हणाले. राजीनामा लिहायला बसलो होतो, मग ठेवून दिला. मी कशाला देऊ? काढायचं तर त्यांनी काढावं, आणि कारण लिहून द्यावं.

हिनं विचारलं, जेवणार का? जेवलो. भरपूर.

३० ऑक्टो., गुरु.

जिल्ह्यातून फोनवर एक जुना मित्र: "सोड ना. रेसिंग आहे, जगात कुठंही माणसं मरतात. मोठमोठ्या ट्रॅकवर मरतात." हो. पण तिथे निदान नंतर विचारतात, अडसर कुणी उभा केला, गर्दीला आत कुणी सोडलं, झेंडा कुणी दाखवला नाही. इथे एकच प्रश्न: गाडी कोण चालवत होता? उत्तर सोपं म्हणून प्रश्न तोच.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावात अशीच शर्यत. फ्लेक्स लागलेत. खाली ठळक: ‘गुलालाची उधळण!’ परवानगी आहे का विचारायला तहसीलात फोन केला. "माहिती घेऊन सांगतो."

१ नोव्हें., शनिवार

गुरुजी स्वतः आले. सकाळी, सायकलवर. गाडी असताना सायकल कावून, विचारलं. "गाडी ओळखतात." पायरीवर बसले.

"झोप नाही तात्या. डोळे मिटले की माझाच आवाज येतो. पहिला आला रे आला."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. बोललो असतो तर भांडलो असतो.

"त्या नवनाथचा बाप माझा विद्यार्थी. चौथीला होता. परवा एसटी स्टँडवर भेटला, वाकून नमस्कार केला मला. शिवी दिली असती तरी चाललं असतं."

वकीलबाईंना फोन लावून दिला. गुरुजींनी सगळं सांगितलं. कोण काय म्हणालं, कुठल्या क्रमाने, निवेदकाला क्रम पक्का लक्षात राहतो. बाई म्हणाल्या, सोमवारी कोर्टात लवकर या, तिथेच कागद करून सही घेऊ. गुरुजी म्हणाले, येतो.

फाटकापाशी थांबले. "धाकट्याला अजून सांगितलं नाही."

सांगा, म्हणालो.

"सांगतो."

२ नोव्हें., रविवार

सुनीता येऊन गेली. नवनाथने जेलातून निरोप पाठवलाय: मारुतीच्या घरच्यांना भेट, माझ्या वतीने पाया पड. ती माळावर जाऊन आली. बिरूने पाया पडू दिलं नाही म्हणे, ताक दिलं.

दुपारी शाळेसमोरून गेलो तर आबांची पांढरी गाडी गुरुजींच्या दारात. संध्याकाळीही तिथेच. गुरुजींना फोन केला, मुलाने उचलला. "अण्णा झोपलेत काका." सूर्य अजून वर होता.

आणखी फोन करायचा नाही असं ठरवलं आहे. धाक घालायला एक जण तिथे बसलाय, दुसरा मी कशाला?

उद्या अकराला जामिनावर सुनावणी. सरकारी वकील विरोध करणार, हे त्यांच्याच कारकुनाने सांगितलं. माझं प्रतिज्ञापत्र दाखल होईल. बिरूही येतो म्हणालाय, मेंढरं मेव्हण्याकडे सोपवून. वकीलबाई दहा वाजता कोर्टाच्या पायऱ्यांशी थांबणार आहेत, गुरुजींच्या नावचा कागद तयार ठेवून.